रोटी, छत्री आणि शनिवारचा रकाना

फिजीच्या राजधानीत, सुवाच्या बस स्टँडवर पाऊस चुकवत वासिती उभी होती. तेवढ्यात तिच्या हातातली बटाट्याची रोटी कुणीतरी सरळ उचलली आणि तोंडात घातली!

"अहो—!"

"पिशवीची वीण तुमच्या बेटाची ना?" तो खाता खाता म्हणाला. "मी समोरच्या बेटावरचा. म्हणजे आपण ताऊवू."

वासितीनं ओठ मिटले. ताऊवू म्हणजे दोन्ही बेटांचा मूळ देव एकच. त्यामुळे एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, हातातलं हवं ते न विचारता घ्यायचं आणि समोरच्यानं रागवायचं नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. हा मेला रिवाज!

मग त्यानं छत्रीही घेतली... पण धरली तिच्याच डोक्यावर. त्याचा डावा खांदा चिंब भिजत होता. तिनं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

"मी इसिकेली."

"पेपरातल्या शनिवारच्या रकान्यातले? रस्तेमंत्र्यांची सालटी काढणारे?" तिनं कपाळावर हात मारला. "सोमवारी त्याचं उत्तर मला लिहावं लागतं! मंत्र्यांच्याच ऑफिसात आहे मी."

"म्हणजे 'ते खड्डे नसून वाहनांची विश्रांतिस्थळं आहेत' हे तुमचं?"

"...साहेबांचं."

"अरेरे! मला वाटलं, माझ्याहून वात्रट माणूस सापडला."

पुढे रोज संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर तो भेटायचा आणि काहीतरी पळवायचा. कधी आंबा, कधी तिच्या केसांतलं फूल. अहोजाहो आपोआप गळून पडलं. एकदा मात्र तिनं आंबा स्वतःच पुढे केला. तिचं खाण्याकडे लक्षच नव्हतं.

"साहेब म्हणाले, आणखी एका शनिवारी हसं झालं, तर दुसरी नोकरी बघ. माझी बहीण नर्सिंग शिकतेय, इसिकेली. घर माझ्यावर आहे."

"मग या शनिवारी त्यांचं कौतुक करतो."

"तुला जमेल?"

"तुझ्यासाठी..." तो अडखळला, आणि घाईघाईनं आंब्याला चावला.

तो खरंच डोंगरातल्या गावी गेला. मंत्र्यांनी बांधलेला पूल पाहिला. पोरं आता कोरड्या पायांनी शाळेत जातात, मंत्र्यांचे आभार, असं लिहिलं. शब्दन्‌शब्द खरा.

आणि अख्खं सुवा खो-खो हसलं! बाजारात तारोच्या कंदांच्या ढिगाआडून बायका मोठ्यानं वाचत होत्या, "आभार म्हणे! काय ठेवून दिलीय!" बसचा ड्रायव्हर तर डोळे पुसत होता.

सोमवारी दहाच्या आत वासिती आपलं सामान पिशवीत भरून रस्त्यावर होती. ती तशीच भिजत वर्तमानपत्राच्या ऑफिसात शिरली.

"मी खरं लिहिलं होतं गं!" तिला पाहताच इसिकेली उठून उभा राहिला.

"कुणी सांगितलं होतं खरं लिहायला? बारा वर्षं लोकांना सवय लावलीस. आता तू 'पाऊस पडतोय' म्हणालास तरी लोक हसतात!"

"पूल चांगला आहे पण."

"माहितेय मला!" वैतागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं काय करू मी..."

"वासिती, मला तू आवडतेस."

बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडत होता.

"आणि हे आता कुणाला खरं वाटणार?"

"इतरांना नाही वाटलं तरी चालेल."

चेहऱ्यावर वात्रटपणाचा मागमूस नव्हता. कान मात्र लालभडक. ती बघत राहिली... मग तिनं त्याच्या टेबलावरची रोटी उचलली आणि मोठा घास घेतला.

"ते विश्रांतिस्थळांचं वाक्य माझंच होतं."

"काय? मग खोटं का—"

"पुढच्या शनिवारी अर्धा रकाना माझा. घेतला मी. संपादकांना तू सांग."

"अगं, पण—"

"रागवायचं नाही. रिवाज आहे." तिनं खुंटीवरची त्याची छत्री काढली, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. "आणि हेही घेतलं. चल आता."

रस्त्यावर तिनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली. तिचा खांदा भिजत होता. इसिकेलीनं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं मुळीच केलं नाही. तो जवळ सरकला.