काजूच्या इंधनानं काय खाल्लं?

यंत्र बंद पडायचं असलं की ते आधी दमतं, मग मंदावतं आणि शेवटी थांबतं, अशी आपली समजूत असते. विश्राम परबांच्या ब्लोअरनं (जोराचा वारा सोडून पालापाचोळा उडवणाऱ्या, पाठीवर अडकवायच्या यंत्रानं) नेमकं उलटं केलं. थोडा वेळ तो शहाण्यासारखा चालला. मग कुणी मूठ पिरगाळली नसताना आपणहून जोरात पळू लागला, किंचाळला आणि त्याच जोरात गच्च अडकला. बाहेरून पाहावं, तर तेलाचा एक थेंबही गळलेला नव्हता.

"मरताना कोण असो धावता?" निहारानं विचारलं. ती परबांची नात, बारा वर्षांची आणि प्रश्न विचारण्यात कुणाला हार न जाणारी.

प्रश्न गमतीचा होता, वेळ तशी नव्हती. पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला होता. खडपवाडीतले बॅटरीवरचे सगळे ब्लोअर आणि धडधाकट माणसं, निहाराच्या आईबाबांसकट, तिकडे गेली होती. वारा फिरला की आग इकडे येणार हे उघड होतं. ती अडवायची तर परबांच्या काजूबागेभोवती जाळरेषा (पालापाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) हवी. आणि बागेत काजूचं एक झाड असं होतं, की वाढत्या उन्हातही त्याचा मोहोर करपत नसे. तसं दुसरं झाड अजून कुठेच नव्हतं. कलमं बांधायची ती पाऊस पडल्यावर. झाड त्याआधी जळलं, तर आजोबांची सारी मेहनत राख होणार होती.

परब आजोबा निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. झाडाखाली कुजून जाणाऱ्या काजूच्या बोंडांपासून त्यांनी अल्कोहोल काढलं होतं, आणि वाडीतली जुनी इंजिनं आता त्यावरच चालत. त्यात ते एरंडेल मिसळत, कारण इंजिनाचं नेहमीचं तेल अल्कोहोलमध्ये नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळतं.

त्यांच्या मदतीला एक यंत्रमानव होता. तो मूळचा पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा. सतत कशात तरी हात घालायची खोड असल्यामुळे निहारानं त्याचं नाव खटपट्या ठेवलं होतं.

तिघांनी इंजिन खोललं. पिस्टन (नळकांड्यात वर-खाली होणारा दट्ट्या) एका बाजूनं खरवडून निघाला होता. बदली पिस्टन एकच होता, कोल्हापूरच्या जुन्या यंत्रांच्या मंडळानं शोधून पाठवलेला.

"ह्यो गेलो, की इंजिन भंगारात," आजोबा म्हणाले.

"पण तो आधी धावलो कित्याक?" निहारानं आपला मुद्दा सोडला नाही.

खटपट्यानं भिंतीवर चित्र उमटवलं आणि आपल्या छापील मराठीत सांगायला सुरुवात केली. "हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पिस्टन वर जातो, तेव्हा खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ निर्माण होते आणि हवा, इंधन, तेल यांचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येतो, तेव्हा तेच मिश्रण वर ढकललं जातं आणि तिथे जळतं. म्हणजे ही पेटी नुसती पेटी नाही, तो पंप आहे."

"आणि पंपाक भोक पडला तर?"

"शहाळ्याची नळी चिरलेली असली की काय होतं?"

"पाणी कमी येता. हवाच जास्त येता."

"इथेही तसंच. फटीतून फुकटची हवा आत शिरते. मिश्रणातलं इंधन कमी पडतं, म्हणजे त्यातलं तेलही कमी पडतं. असं पातळ मिश्रण आधी इंजिनाला पळवतं आणि तापवतं. तापलेला पिस्टन फुगतो, तेल नसल्यामुळे घासतो आणि अडकतो."

निहाराच्या आता लक्षात आलं. बाहेर काही गळलं नव्हतं, कारण चोर आत शिरत होता.

ही पेटी दोन अर्ध्या भागांची असते. ते जिथे मिळतात तिथे सीलंट (फट बुजवणारा लेप) लावतात. तो आजोबांनीच लावला होता. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेला दाट रस, जो सावंतवाडीचे सुतार लाकडाला चमक आणायला वापरतात.

"माझ्या बापाशीन जलमभर चपडीच लावली," आजोबा ठासून म्हणाले. "पेट्रोलाचा बाप इलो तरी सुटूची नाय."

"मी सिलिकॉन सुचवतो," खटपट्या म्हणाला. "भरपूर लावावं. टाक्यांना मी नेहमी भरपूर लावतो."

पिस्टनबरोबर कोल्हापूरहून एक निळ्या लेपाची ट्यूबही आली होती. ती अर्धीच भरलेली निघाली, तेव्हा आपल्याला फसवलं असं निहाराला वाटलं. तरी तिनं जुन्या डब्याच्या झाकणातून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या आणि एकेकीवर एकेक लेप फासला. निळा लेप जास्त झाला म्हणून तो दुसऱ्या पट्टीनं पुसला आणि दोन्ही पट्ट्या एकीवर एक तशाच जड पान्याखाली टाकून दिल्या.

सकाळी चपडी कडक होती, सिलिकॉन रबरासारखं झालं होतं. निळा लेप मात्र कडेला अजून ओलाच होता.

"ह्यो बाद," असं म्हणून तिनं पट्ट्या उचलल्या. त्या एकमेकींपासून सुटेनात. नखानं नाही, पकडीनंही नाही.

"बाहेर ओलो आणि आत दगड?" ती पुटपुटली. "बाहेर हवा आसा. आत नाय."

आजोबा खूश झाले. "बरोब्बर! ह्येका ॲनेरोबिक सीलंट म्हणतत." म्हणजे हवा मिळेनाशी झाली, की धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारा लेप. ट्यूब अर्धी रिकामी होती तीही त्याचसाठी. आत हवा ठेवली नसती, तर लेप ट्यूबमध्येच घट्ट झाला असता.

मग साऱ्या पट्ट्या काजूच्या इंधनात बुडवल्या. सिलिकॉन तसंच राहिलं. निळ्या लेपाची जोडी तशीच राहिली. चपडीभोवती मात्र तांबूस ढग उठला आणि हळूहळू पट्टी उघडी पडली.

निहारा हसत सुटली. "आजोबानू, चपडी स्पिरिटात तुमीच विरघळवलात, आणि इंधन म्हणान परत स्पिरिटच ओतलात!"

अल्कोहोल लाख विरघळवतं हे परब आजोबांना आयुष्यभर ठाऊक होतं, पण प्रयोगशाळेत. घरात मात्र ते वडिलांसारखंच करत. टाकीतलं पेट्रोल बदललं, हाताची सवय बदलली नाही. त्यांचा चेहरा पडला आणि निहाराला आपल्या हसण्याचं वाईट वाटलं.

"मग सिलिकॉन पक्कं?" खटपट्यानं आशेनं विचारलं.

"नाय रे," आजोबा म्हणाले. "टाकीत पाणी अडवचा असता. हय दोन अर्धे एकमेकांक चिकटान बसाक होये. मधी जाड थर इलो तर पेटीतलो फिरतो दांडो वाकडो फिरतलो. आणि आत सांडलेलो तुकडो सुटलो, तर तेलाचा बारीक भोक बुजवतलो."

"निळो सांडलो तर?" निहारानं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "तो आत ओलोच ऱ्हवतलो. इंधन त्येका धुवन नेतला."

जुनी चपडी स्पिरिटनं पुसून काढली. निळ्या लेपाची केसाएवढी रेघ निहारानं ओढली, मग तिघांनी बदली पिस्टन घालून इंजिन जोडलं. ॲल्युमिनियमवर हा लेप सावकाश घट्ट होतो, म्हणून पुढच्या सकाळपर्यंत थांबावं लागलं. समोरच्या डोंगरावरचा धूर पाहत बसणं फार कठीण गेलं. सकाळी खटपट्यानं पेटीत थोडी हवा भरली आणि दाबमापकाचा काटा पाहत राहिला. काटा हलला नाही, म्हणजे हवा कुठूनही सुटत नव्हती.

दुपारी वारा फिरला.

खटपट्यानं ब्लोअर पाठीवर घेतला. निहारा मागून चालत इंजिनाचा आवाज ऐकत होती. तो जराही चढला असता, तर ताबडतोब बंद करायचं ठरलं होतं. आवाज चढला नाही. बागेला वळसा पुरा होईपर्यंत तो एकाच सुरात घुमत राहिला आणि मागे उघडी लाल माती पडत गेली.

आग उतरणीवरून आली. मातीच्या पट्ट्याशी येऊन थोडा वेळ फुसफुसली. पुढे खायला काही नव्हतं. ती तिथेच बसली. आजोबा त्या झाडाच्या बुंध्याला टेकून राहिले. निहाराला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पाऊस पडला, कलमं बांधून झाली. त्यांतलं एक न्यायला शेजारच्या वाडीतले बाबल काका आले. त्यांचंही एक जुनं इंजिन सारखं अडकत होतं.

"बाय, तुझो तो निळो लेप दी गो माका. मोठी जादू आसा म्हणतत त्येच्यात."

निहारानं ट्यूब हातात घेतली, पण लगेच दिली नाही.

"काकानू, आधी सांगा, तुमी टाकीत काय घालतास? आणि फट केवढी आसा?"

काकांना दोन्ही ठाऊक नव्हतं. "मग चला, बघूया," असं म्हणून तिनं पाने गोळा केले, आणि खटपट्या न बोलावता तिच्या मागून निघाला.