काळूच्या घळईतलं मीठ

डोंगरात मीठ असतं की नाही, हे बघायला आम्ही चौघं कोलशेतहून होडीनं निघालो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आदल्या पावसाळ्यात उधाणानं आमच्या मिठागराचा बांध फोडला आणि वाफ्यांत चिखल भरला. माझे यजमान धाकू ठाण्याच्या कारखान्यात नोकरी धरायच्या बेतात होते. त्यांचे काका राघो मात्र आगर सोडायला तयार नव्हते. काका मागे बांबू आणायला काळू नदीला वरपर्यंत गेले होते, तिथल्या घळईतून त्यांनी एक पांढरा, काचेसारखा टोकदार खडा आणला होता. आगरावरच्या प्रत्येकानं तो चाटून बघितला. खारट!

"डोंगर भरलाय मिठानं," काका धाकूंना म्हणाले. "मिळालं तर विकून बांध नवा घालू. नाय मिळालं, तर जा तू कारखान्यात. मी अडवणार नाय."

वाफ्यातलं पाणी मीठ धरण्याइतकं पिकलं की नाही हे माझी जीभ सांगायची, म्हणून मलाही घेतलं. चौथे कोपरीचे परशुराम. पोरवयात पारसिकच्या रेल्वे बोगद्यात त्यांनी दगड फोडले होते.

भरतीबरोबर कल्याणपर्यंत सुखात गेलो. पुढे काळू लागली आणि सुख संपलं. वैशाखातली नदी ती! एक डोह, मग कोरडे खडक, मग पुन्हा डोह. होडी वल्हवायची कमी आणि ओढायचीच जास्त. हळूहळू दोन्ही अंगांना काळे कडे चढत गेले. गवताची काडी नाही, पाखरू नाही. अनवाणी पाय दगडावर टेकवत नव्हता.

पण माझं लक्ष पायांकडे नव्हतंच. कडा थरांचा होता, एकावर एक रचलेला, आणि दोन थरांच्या मध्ये विटेसारखी तांबडी पट्टी. खालच्या अंगाला दगडाचे खांबच खांब, एकमेकांना चिकटून उभे. मी हात फिरवून कोपरे मोजले. सहा! शेजारच्या खांबाला पाच.

"हे कुणी घडवले?" मी विचारलं.

"कुणी नाय, वहिनी," परशुराम म्हणाले. "हा डोंगर एकदा पातळ होता. आगीचा रस. जमिनीतून वर आला, पसरला, निवला आणि तडकला. तुमच्या वाफ्यातला चिखल सुकून तडकतो ना, तसा. मग वर माती धरली. पुन्हा रस आला, ती माती भाजली. तीच ही तांबडी पट्टी. बोगद्यावरच्या साहेबानं सांगितलेलं."

"तुझा साहेब तवा कुठं बसलेला? छत्री घेऊन?" काका म्हणाले.

पुढे नदीत आडवी काळी भिंत लागली, या काठापासून त्या काठापर्यंत. वरच्या बाजूला पाणी तुडुंब, खाली थेंब नाही. परशुराम म्हणाले, हाही भेगेतून वर येऊन गोठलेला रसच! काकांनी भिंतीवर थाप मारली. "असा बांध पायजे होता रे, धाकू."

त्या भिंतीवरून होडी चढवताना दोर सुटला. होडी आपटली, फळी तडकली! मी पदर फाडून फटीत कोंबला आणि पाणी उपसत आम्ही पलीकडच्या डोहात शिरलो.

आणि समोर ते दिसलं! कड्यातल्या पोकळ्यांमध्ये पांढरे खडे उन्हात झगमगत होते. काका पहार घेऊन मोडक्या खांबांवरून पायऱ्या चढावं तसे चढले. पहिल्याच घावाला खडे खाली आले. मी एक उचलला. बांध व्हावा असं मलाही वाटत होतं. जिभेवर ठेवला. काहीच नाही. दुसरा घेतला. तोही तसाच.

"काका, हे अळणी हाय!"

"उन्हानं जीभ गेली तुझी!" पुन्हा घाव. पुन्हा घाव!

खांबाच्या फटीतून भुकटी गळू लागली.

"खांब सुटला!" परशुराम ओरडले. "काका, उतरा!"

काकांचा एक हात पोकळीतच. धाकू सरसर चढले, त्यांनी काकांना कमरेला मिठी मारली आणि दोघांनी डोहात उडी घेतली. त्यांच्यामागून खांब कोसळला! पाणी कड्यापर्यंत उडालं. मग सगळं शांत.

एक डोकं वर आलं. मग दुसरं!

काठावर आल्यावर काकांनी मूठ उघडली. खडा होता. त्यांनी स्वतः चाटला, पुन्हा चाटला. मग आपल्या तळहाताकडे बघितलं.

"तो पयला खडा मी मिठाच्या टोपलीतून आणलेला," ते म्हणाले.

"आणि चाटताना आपले सगळ्यांचे हात आगरातले," मी म्हटलं. "इथं किती दिवस गोड्या पाण्यात हायेत."

"म्हणजे अख्खं गाव आपलेच हात चाटत होतं!" परशुरामांना हसू आवरेना. धाकू हसले नाहीत. पण काकाच खो खो हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पहार डोहात गेली होती, तिथेच राहिली. बाकीचे खडे कड्याला ठेवून आम्ही गळकी होडी घेऊन परतलो.

धाकू कारखान्यात लागले. काकांनी शब्द पाळला, एका अक्षरानंही अडवलं नाही. मी आणि काका पाटी-पाटी चिखल टाकत बांध भरत राहिलो. पुढच्या हंगामाला निम्मे वाफे धरले. तो मुठीतला खडा काकांनी झोपडीच्या कोनाड्यात ठेवला होता. आगरावरून कुणी आलं की उचलायचं, चाटायचं आणि डोळे मोठे करायचं.

"काका, खारट हाय की!"

"आधी हात धुऊन ये," काका म्हणायचे, "मग बोल."