मागच्याच मापाचे

टायरच्या दुकानाचं शटर आतून कुलूपबंद होतं आणि किल्ली दातांच्या डॉक्टरांच्या खिशात होती.

"माझ्या गाडीला कुणी हात लावला ते कळल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "कळलं की पोलिसांना फोन." त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. दात काढणाऱ्याचा उजवा हात गेला की त्याच्याकडे नुसता राग उरतो, आणि डॉक्टरांकडे तो भरपूर होता.

मधोमध नाक चेपलेली लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्या एका बाजूला डॉक्टरांचा जावई, दुसऱ्या बाजूला टायरवाला. दुकानात रबराचा वास कोंडला होता. डॉक्टरांनी बोलावलेल्या खासगी गुप्तहेर, टाचणीबाई, पदराने वारा घेत होत्या. त्यांचे यजमान कोपऱ्यात याच गाडीच्या काढलेल्या दोन जुन्या, आडव्या टायरांवर फळी टाकून बसले होते.

"अगं, ही फळी कलतेय," ते कुरकुरले.

"मग तुम्ही सरळ बसा. डॉक्टर, काय झालं ते सांगा."

"नवे टायर टाकून गाडी घरी आली. सकाळी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर पुढून खर्र आवाज. सरळ रस्त्यावरही समोर 'गाडी घसरतेय' असा इशारा देणारा दिवा लागला. वळणावर गाडीने आपोआप ब्रेक मारला आणि मी भिंतीत. कुणीतरी वायर कापलीय."

बाहेरून शटरवर थापा पडल्या. "बाबा, दार उघडा. त्याच्यावर तक्रार केलीत तर मी पुन्हा तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाही." ती डॉक्टरांची मुलगी होती. डॉक्टरांनी किल्लीचा खिसा दाबून धरला. जावई शटरकडे बघत राहिला.

टाचणीबाई टायरवाल्याकडे वळल्या. "वायर?"

"एकही कापलेली नाही. स्कॅनर लावून बघा. चारही चाकांचे सेन्सर ठणठणीत आहेत. टायर नवे कोरे, चारही एकाच मापाचे. सांगितलं तेच टाकलं. दोनदा विचारून घेतलं."

"तुम्ही?" त्यांनी जावयाला विचारलं.

"मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. बाबा फोनवर म्हणाले, 'मागच्याच मापाचे टाक, चारही.' मी तोच निरोप दिला."

"आणि राग?" डॉक्टर कडाडले. "मी याला चारचौघांत म्हणालो होतो, तुझ्या हातात सायकलसुद्धा देणार नाही. तो राग काढला यानं."

"राग आला होता," जावई हळूच म्हणाला. "अजून आहे. पण तुम्हाला मारून मी तिला काय तोंड दाखवू?"

यजमानांना त्याची दया आली आणि संशयही आला. दोन्ही एकदम येण्याची त्यांना सवय होती. तेवढ्यात फळी घसरली आणि ते जमिनीवर बसले.

टाचणीबाई हसल्या नाहीत. "अहो, उठा. ते दोन्ही टायर शेजारी शेजारी उभे करा."

यजमानांनी धापा टाकत उभे केले. एक जाड आणि उंच होता. दुसरा बारीक, बोटभर बुटका.

"या गाडीचे पुढचे टायर लहान, मागचे मोठे," टाचणीबाई म्हणाल्या. "बनवणाऱ्यानेच तसं ठरवलंय. आता मात्र चारही सारखे आहेत, सगळे मोठे. पुढचा टायर जागेत मावेना म्हणून खर्र वाजलं. मोठं चाक सावकाश फिरतं. गाडीच्या यंत्राने हिशेब केला, पुढची चाकं मंद, मागची जास्त फिरतायत, म्हणजे गाडी घसरतेय. त्याने बिचाऱ्याने वाचवायला ब्रेक मारला. वायर शाबूत, सेन्सर शाबूत, यंत्रही शहाणं."

"पण मोठे टायर टाकले कुणी?" यजमानांनी विचारलं.

"डॉक्टर, पेशंट 'मागचा दात दुखतोय' म्हणाला तर तुम्ही कुठला बघता?"

"मागचा. दाढ."

"गेल्या वेळी भरलेला नाही ना बघत? तुम्ही 'मागच्याच मापाचे' म्हणालात ते गेल्या वेळचे या अर्थाने. टायरवाल्यांनी ते ऐकलं मागच्या चाकांचे म्हणून."

टायरवाल्याने मान खाली घातली. "मी विचारलं होतं, चारही मागच्या मापाचे? जावई म्हणाले, हो, चारही. मला वाटलं, शौकीन माणसाची हौस असेल."

"हौस वाटली तरी डॉक्टरांना फोन करायचा. चूक तुमचीही आहे."

डॉक्टर गाडीच्या बॉनेटला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्यांना खरंच लाज वाटली. त्यांनी डाव्या हाताने किल्ली काढली, पण ती कुलपात जाईना. जावयाने ती घेतली, कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं.

उजेडात मुलगी उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "मग दोषी कोण निघालं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "मागचापुढचा विचार न करता बोललो."

"फोनवर, की आता इथे?"

डॉक्टरांनी जावयाकडे पाहिलं. "दोन्ही वेळा."