दोन वायरी आणि आबाजींचा राब

इक्रा गच्चीवर हात उंचावून उभी होती. हातात मोबाईल, मोबाईलला रेंज नाही, आणि डोक्यावर मे महिन्याचं रणरणतं ऊन. खाली ऑफिसातलं नेट पुन्हा बसलं होतं.

"मॅडम, तिथे नाही. टाकीच्या या बाजूला या."

ती दचकली. पाण्याच्या टाकीआडून एक तरुण तिच्याकडे बघून असा हसत होता, जशी काही गच्ची त्याच्या अब्बांनीच बांधली असावी.

"तुम्ही कोण? आमच्या गच्चीवर काय करताय?"

"तालिब. नेटची कनेक्शनं विकतो. खालच्या गॅरेजवाल्याकडे आलो होतो, तर म्हटलं वरून खांब बघून घ्यावेत. खांबच बघत होतो... आत्ता आत्तापर्यंत."

आगाऊ मेला! इक्राने मनात म्हटलं. पण टाकीच्या त्या बाजूला ती गेली, आणि रेंज खरंच आली.

लोधिवलीतलं ते ऑफिस म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर बोलून रेकॉर्ड करून ठेवतात ते रिपोर्ट इथे टाईप व्हायचे आणि सगळं काम इक्रा सांभाळायची. टाईप करणाऱ्या पाचजणी मात्र आपापल्या घरी, कुणी पोशीरला, कुणी भिवपुरीला. पेशंटची माहिती बाहेर न्यायची नाही, म्हणून त्या घरूनच नेटवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शिरायच्या आणि काम करायच्या. ऑफिसचं नेट बसलं की पाचही घरं हात चोळत बसली.

आणि आता गळ्याशी आलं होतं. पुढच्या गुरुवारी एक मोठं हॉस्पिटल दिवसभर काम पारखणार होतं. लाईन तुटली तर काम गेलं. साहेबांनी बजावलं होतं, मग घरून काम बंद, सगळ्यांनी रोज पनवेलच्या मुख्य ऑफिसला यायचं. भिवपुरीची नम्रता तान्हं बाळ घेऊन रोज पनवेल गाठणार कशी? आणि 'घरबसल्या काम आहे गं, माझा शब्द' असं सांगून तिला कामावर आणलं होतं कुणी? इक्रानेच! तिचा शब्द पणाला लागला होता.

म्हणून दुसरी लाईन घ्यायचं ठरलं. एक गेली तर दुसरी. मग काय, तालिबच्या चकरा सुरू झाल्या.

"तीनशेचा स्पीड देतो, मॅडम."

"तो आत यायचा. बाहेर जायचा किती? माझ्या मुली बाहेरून काम करतात."

"या अल्लाह! असं विचारणारं पहिलंच गिऱ्हाईक."

"घाबरलात?"

"घाबरलो नाही... फसलो." त्याने चहाचा कप उचलला आणि कपावरून तिच्याकडे बघितलं.

इक्राने मान खाली घातली, पण कान तापले ते तापलेच. हा गोड बोलतोय तो माझ्याशी, की ऑर्डरशी? ह्या प्रश्नाने तिची झोप खाल्ली होती. म्हणून तिने मुद्दाम कोरड्या आवाजात विचारलं, "दोन्ही लाईनी वेगवेगळ्या वाटेने येतात ना?"

त्याचा कप ओठांशी थबकला.

"कंपन्या वेगळ्या आहेत की," तो म्हणाला.

तिने सही केली.

बुधवारी रंगीत तालीम. पाचहीजणी लाईनवर. हेडफोनमधून नम्रताच्या बाळाचं कुंईकुंई येत होतं. सगळं सुरळीत चाललेलं... आणि स्क्रीन गोठला. नव्या लाईनचा हिरवा दिवा लागला, लुकलुकला, आणि तोही विझला.

खिडकीतून धूर आत येत होता.

ती धावत मागच्या शेतात गेली. शेताचे मालक आबाजी काठीने आग सारखी करत उभे होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या रचून दर उन्हाळ्यात राब भाजायचा, ही इथली जुनी रीत. आणि बांधावरून ऑफिसकडे जाणाऱ्या दोन्ही काळ्या वायरी त्या आगीत वितळून लोंबत होत्या.

"आबाजी, हे काय केलंत!"

"मी काय केलं गं पोरी? आमचा राब काय आजचा हाय? तुमचीच मानसं आली थंडीत आन् मोकळं रान बघून वायरी टाकून गेली. तवा कुनी इचारलं नाय!"

खरंच होतं. कुणीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात लाईन बंद पडल्याचं कळून तालिब फटफटीवरून आला आणि वायरी बघून जागीच थिजला. इक्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"...हो. पहिल्या दिवशी गच्चीवरूनच दिसलं होतं. तुमची जुनी लाईन आणि गॅरेजकडे येणारी आमची, दोन्ही ह्याच बांधावरून येतात. राबाचं नाही सुचलं, आम्ही दुकानदार माणसं... पण वाट एकच आहे, हे माहीत होतं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही दुसरीकडे गेला असता."

"ऑर्डरसाठी केसाने गळा कापलात!"

"ऑर्डरी मिळतात हो. पण मग इथे यायला मला निमित्त काय राहिलं असतं?"

इक्राला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. आणि त्या संतापातही कुठेतरी बरं वाटलं, म्हणून स्वतःचाही राग आला.

"पाच बायकांची रोजीरोटी, तालिब! उद्या नम्रताला काय तोंड दाखवू मी?"

त्याने मान वर करून हायवेकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी ऑर्डर रद्द करा. हायवेपलीकडच्या टॉवरवरून झाकीर डिशने नेट देतो. हवेतून येतं, बांधाशी संबंध नाही. माझा कट्टर दुश्मन आहे तो, पण मी बोलतो."

तो बोलला. झाकीरने त्याला पुरता रडवला, आणि मगच हो म्हटलं. संध्याकाळी गच्चीवर डिश चढली. जुनी लाईन जोडून झाली, तेव्हा ती उंच धरायला आबाजींनी स्वतःच्या बेटातले बांबू तोडून दिले आणि तालिबने ते घामाघूम होत पुरले. इक्रा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

गुरुवारी तिचा जीव टांगणीला लागला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर जुन्या लाईनचा जोड सुटला. दिवा लाल. तिने डोळे गच्च मिटले... आणि हेडफोनमधून नम्रता म्हणाली, "इक्रा, पुढची फाईल पाठव ना गं." डिशने लाईन सांभाळली होती. त्या बयेला काही कळलंसुद्धा नव्हतं.

काम मिळालं. शुक्रवारी तालिब रद्द झालेल्या लाईनचा नेटचा डबा काढून न्यायला आला. डबा काखेत मारून दारात घुटमळला.

"येतो मग."

"असे कसे जाता? आधी माझ्याबरोबर भिवपुरीला चला. जे मला सांगितलंत, ते नम्रतासमोर सांगा. नोकरी तिची जाणार होती."

तो मुकाट्याने तिच्या स्कूटीमागे फटफटी घेऊन निघाला.

नम्रता बाळाला कडेवर घेऊन दारात आली. तालिबने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गप्प का बसलो, तेसुद्धा. सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नम्रताने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू तिला हसू फुटायला लागलं.

"चांगलाच गाढवपणा केलात की! माफ केलं, जा. पण हे निमित्ताचं इक्राला सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली ती?"

तालिबने इक्राकडे बघितलं. "अजून काहीच नाही."

इक्राने बाळाला आपल्याकडे घेतलं, त्याच्या टाळूवर ओठ टेकले, आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "हो म्हणाली."

"काय?" तालिबच्या काखेतला डबा धपकन खाली पडला.

"हो म्हणाली ती. आणि पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवलंस ना, तालिब... तर आबाजींच्या राबात तुलाच घालीन!"