बोडकीवरची शेवटची चक्कर

हिंगोलीच्या सायकल ग्रुपात पंधरा-वीस जण असतील. रविवारी सकाळी वाशिम रोडनं कनेरगाव नाक्यापर्यंत जायचं, धाब्यावर चहा-पोहे घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं, एवढाच बहुतेकांचा शौक. स्वप्निलचं तेवढ्यावर भागत नसे. ठिबकच्या सामानाचं दुकान सांभाळून तो रोज सायकल काढायचा, आणि लग्नानंतर वर्षभरातच त्यानं बायकोला, पुनमलाही सायकलवर बसवलं होतं.

पुनमला सायकल आवडायची. शर्यत आवडायची नाही. लहानपणापासून तिला दमा होता. चढ लागला की तिचा श्वास मोठ्यानं चालायचा आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजायची. मागं वळून न बघताही ती किती अंतरावर आहे ते स्वप्निलला त्यावरून कळायचं.

आदल्या वर्षी परभणीकडच्या एका शर्यतीत दोघं जोडीनं उतरले होते. जोडीचा नियम असा, की दोघांपैकी जो मागून येईल त्याचा नंबर धरायचा. स्वप्निल दुसरा आला. पुनम पोचली तेव्हा मंडपवाल्यांनी कनाती सोडायला घेतल्या होत्या. तोंड उघडं, केस चिकटलेले, असा तिचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि खाली हसण्याची रांग लागली. घरी येईपर्यंत स्वप्निल तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

यंदाची शर्यत सायक्लोक्रॉसची होती. म्हणजे सडक नाही. शेताचा बांध, चिखल, दगडधोंडे, आणि जिथं चाक चालत नाही तिथं सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. जागा स्वप्निलनंच शोधली. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे बोडकी नावाचा डोंगर आहे. पायथ्याला कालवा आणि हरभऱ्याची रानं. मग काळ्या दगडांचा खडा चढ, तिथं सगळ्यांनाच उतरावं लागायचं. वर कुसळी गवताचा उघडा माळ, माळाच्या पलीकडं सागाची एक खोलगट पट्टी, आणि तिथून कोरड्या ओढ्यातून खाली. अशा पाच चकरा मारायच्या होत्या.

जानेवारीपासून दोघं दर दोन दिवसांनी बोडकीवर जाऊ लागले. स्वप्निल वर जाऊन थांबायचा आणि खालच्या पुनमकडं बघत राहायचा.

"तोंड बंद करून श्वास घे," तो ओरडायचा. "कुत्र्यावानी काहून धापा टाकून राहिली?"

पुनम उत्तर द्यायची नाही. तेवढा श्वास तिच्याकडं नसायचा.

एका संध्याकाळी तो सागाच्या पट्टीतून चालला होता. वाळल्या पानांवर चाकांचा आवाज होत होता. मागून पुनमची धाप ऐकू आली, अगदी जवळून, शिट्टीसकट. आज जमलं हिला, असं मनाशी म्हणत तो वळला. मागं कोणी नव्हतं. झाडांतून बाहेर येऊन त्यानं माळाच्या काठावरून खाली पाहिलं. पुनम अजून दगडांच्या चढावर होती, सायकल खांद्यावर, मान वाकडी.

वारा, त्यानं ठरवलं. डोंगरात आवाज कुठून कुठं जातो. शेतीशास्त्र शिकलेला माणूस होता तो. पुढच्या खेपेला त्यानं वाऱ्याची दिशासुद्धा बघून ठेवली. ती उलटी होती. त्यानं ते पुनमला सांगितलं नाही.

माळावर पंचफुलाबाई शेरडं चारायची. पन्नाशीची, डोईवर पदर घट्ट, बोलायला मोकळी. एकदा तिनं त्यांना पाणी दिलं. पुनम एका तांबड्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवायला गेली, तर पंचफुलाबाई म्हणाली, "तिला नको हात लावू, माय."

"मारती का?"

"न्हाई ओ. ती काईच करत न्हाई." पंचफुलाबाईनं काठीनं सागाकडं दाखवलं. "एकडाव दमली अन् तिकडं माघं ऱ्हायली. मी बी हाक मारली न्हाई, अंधारून आलं व्हतं. दुसऱ्या दिशी आपल्या पायानं दारात आली. तवापासून बघून राहिले, चारा खाती, पन रवंथ करत न्हाई."

"डॉक्टरला दाखवा की," स्वप्निल म्हणाला.

"काय दाखवू? दूध बराबर देती. पयल्यापरीस जास्तच देती."

सागाच्या बाजूनं कुठूनतरी शेळी ओरडली. बारीक, लांबलचक. बाकीच्या शेळ्यांनी माना वर केल्या. तांबडीनं केली नाही. पंचफुलाबाईनंही तिकडं पाहिलं नाही. तिनं तांब्या उपडा करून उरलेलं पाणी सांडून टाकलं.

परतताना पुनम म्हणाली, "तिनं जाऊन बघायला पायजे व्हतं."

"दूध मिळून राहिलं ना तिला," स्वप्निल म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी शर्यत झाली. नांदेड, वाशिम, परभणी, सगळीकडून लोक आले. निघताना पुनमनं दम्याचा पंप खिशात घातला. स्वप्निलनं तो काढून गाडीत ठेवला. "पंप घेऊन कोण जिंकलंय?" एवढंच तो म्हणाला.

चार चकरा ती त्याच्या मागोमाग राहिली. कशी राहिली, तिलाच ठाऊक. पाचव्या चकरेला दोघं पहिले होते आणि नांदेडची जोडी खाली कालव्यावर दिसत होती. दगडांचा चढ पार करून दोघं माळावर आले, आणि सागाच्या तोंडाशी पुनम सायकलवरून उतरली. उतरली म्हणजे पडलीच. ओठ निळसर झाले होते.

"एक मिनिट," ती म्हणाली. "एकच... मिनिट थांबा."

"ते वर येऊन राहिलेत, पुनम!"

"मला न्हाई होत ओ."

"मग ऱ्हा इथंच."

रागानं नव्हे. तो ते सरळ म्हणाला, खांद्यावरचं ओझं खाली ठेवावं तसं. आणि सागात शिरला.

मागं काही वेळ ती शिट्टी ऐकू येत होती. मग पानांचा आवाजच तेवढा राहिला.

खोलगट पट्टीच्या मध्यावर त्याला मागून चाकं ऐकू आली. धाप नव्हती. नांदेडवाला असणार म्हणून त्यानं जोर लावला. सायकल बाजूनं आली आणि पुढं गेली.

पुनम होती. तोंड मिटलेलं. पाठ ताठ.

"चला," ती म्हणाली.

दोघं पहिले आले. ढोल वाजला, गुलाल उधळला. लोक पुनमभोवती जमले. स्वप्निल गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता, छातीचा भाता हलत होता. त्यानं खालूनच तिच्याकडं पाहिलं. हनुवटीवरचा लहानपणचा व्रण होता. डाव्या कानातलं वाकलेलं फूलही तेच. अंगातला शर्ट मात्र कोरडा होता. मानेवर, कपाळावर, घामाचा एक थेंब नव्हता.

"बरं वाटून राहिलं का तुला?"

"मला काय झालंय?" ती हसून म्हणाली.

सायकली गाडीवर बांधताना ढोलवाला म्हणाला, "वर कोणतं पाखरू शिट्टी घालून राहिलं हो?" स्वप्निलनं गाडीत बसून काच वर केली.

घरी त्याची आई जनकाबाई खूश झाली. सुनेची रात्रीची घरघर थांबली, दवाखाना सुटला. "माळावरची हवा मानवली पोरीला," ती शेजारणींना सांगायची. पंप तिनंच एक दिवस कचऱ्यात टाकला. पुनम पहाटे उठायची, सगळं काम आटपायची, दमायची नाही, उलटून बोलायची नाही. स्वप्निलसोबत तिनं आणखी तीन शर्यती जिंकल्या. दुकानात काउंटरमागं दोघांचा मोठा फोटो लागला. ग्रुपातले लोक आता त्याच्याकडं सल्ला मागायला यायचे.

डिसेंबरात थंडी पडली. कनेरगाव नाक्यावर पहाटे सगळे चहाचे कप धरून गोल उभे राहायचे, आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघायची. पुनमही बोलायची. तिच्या तोंडासमोर काहीच नसायचं. स्वप्निलनं ते एकदा पाहिलं. त्यानंतर तो गोलात तिच्या शेजारी उभा राहू लागला, म्हणजे समोरून बघावं लागायचं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बोडकीवर शर्यत ठरली. आखणीच्या फिती बांधायला स्वप्निल दुपारी निघाला, तशी पुनम म्हणाली, "मी बी येते." ती पायथ्याला गाडीत बसून राहिली. तो एकटा वर चढला.

पळस फुलला होता. पंचफुलाबाई कुठं दिसली नाही.

दगडांच्या चढावर त्यानं दोन फिती बांधल्या. तिसरी बांधताना त्याला धाप ऐकू आली.

शिट्टी आता बारीक राहिली नव्हती. चिरफाळली होती. दगडांवर बूट घासत होते, एक पाऊल, मग थांबून दुसरं. आवाज खालून वर आला, त्याच्या बाजूला आला आणि थांबला. हात लांबवला तर लागेल इतका जवळ.

तिथं ऊन होतं. दगड होते.

"तुमीच का ओ?" पुनमचा आवाज आला. घसा सुकलेला. "दिसून न्हाई राहिलं मला."

तो एक पाऊल मागं सरला.

"किती चकरा राहिल्या?"

फीत त्याच्या हातात फडफडत होती. खाली कालव्याच्या पुलावर गाडीचं छत चमकत होतं. पुनम आता दार उघडून बाहेर उभी होती. मान वर करून ती त्याच्याकडंच बघत होती.

त्याला सांगता आलं असतं. शर्यत संपली, चल, घरी चल, एवढंच म्हणायचं होतं.

"एक," स्वप्निल म्हणाला. "एकच राहिली."



"बरं," ती म्हणाली. "तुमी व्हा पुढं. थांबू नका माझ्यासाठी."

बूट घासत वर गेले. एक दगड घरंगळत त्याच्या पायाशी आला.

त्यानं तिसरी फीत बांधली. गाठ दोनदा सुटली. मग तो खाली आला, गाडीत बसला. पुनमनं झाकण उघडून पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि तो पिईपर्यंत थांबली.

"तिला किती सांगितल्या?" तिनं विचारलं.