ढाबळीची पश्चिम बाजू

"हे ताट आबांना द्यायचं," सविता सासूच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "आन म्हनायचं, भाकरी गरम हाय, खाऊन घ्या."

नंदाबाईंनी ताट दोन्ही हातांत धरलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या... जणू कुणीतरी अनोळखी गावचं सामान त्यांच्या हाती देऊन निघून गेलं होतं.

"कुनाला म्हनलीस?"

"आबांना. तुमच्या मालकांना."

"व्हय व्हय." त्या गोड हसल्या आणि ओटीकडे वळल्या. सविता दाराआड श्वास रोखून उभी राहिली. भाकरी गरम आहे एवढं त्या म्हणाल्या आणि पुढचं विसरल्या. पण हौशीराम आबांना तेवढं पुरलं. त्यांचं सगळं लक्ष पूर्वेच्या आभाळाकडे होतं. त्यांनी न बघताच पहिला घास मोडला.

गेली तीन वर्षं आबा सुनेच्याच हातचं जेवत होते, आणि सुनेच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही ही आपली प्रतिज्ञा अभंग आहे, अशा मोठ्या समाधानात होते! आधी काही दिवस नंदाबाई स्वयंपाक करत. मग त्या मीठ दोनदा घालू लागल्या, मग चूल पेटवून शेतावर निघून जाऊ लागल्या, आणि सवितानं काही न बोलता सगळं आपल्याकडे घेतलं. ताट तेवढं सासूच्या हाती द्यायचं आणि काय म्हणायचं ते कानात सांगायचं. ओटीवरच्या माणसाला दारामागचं हे नाटक कधी उमगलं नाही.

उद्या मात्र ते संपणार होतं. सविताचा नवरा हनुमंत तळेगावच्या बाजूला कंपनीत होता आणि तिथं त्यानं दोन खोल्या घेतल्या होत्या. "ज्या घरात माझ्या बायकोच्या हातचं पाणी चालत न्हाई, तितं तिनं का ऱ्हायचं? आईला मागनं नेऊ," असं म्हणून त्यानं टेम्पो ठरवला होता. सविताची पेटी भरून झाली होती. परंतु उद्यापासून हे ताट कोण भरणार, कानात कोण सांगणार, या एकाच विचारानं तिचं अंतःकरण पहाटेपासून भरून येत होतं. कारण तिच्या मागे सगळं उघडं पडणार होतं... आईंचं विसरणंही, आणि ते दुसरंही.

मळवलीच्या त्या घराभोवती हिवाळ्यात सकाळ फार सावकाश होते. भातखाचरांवर धुकं पसरून असतं, शेजारच्या बंगल्यांची कौलं त्यातून एकेक करून वर येतात, आणि स्टेशनात थांबलेल्या गाडीचा आवाज कुठल्या तरी लांबच्या स्वप्नातून आल्यासारखा वाटतो. त्या धुक्यातून रोज पहिला आवाज यायचा तो गोठ्यावरच्या स्लॅबवरून... कबुतरांच्या घुमण्याचा. तिथं आबांची ढाबळ होती. फळ्यांची आणि जाळीची, जमिनीलगत हवा आत यायला फट, वर छपराखाली ती बाहेर जायला फट. रोज उजाडताच आबा ढाबळीचं दार उघडून आत तोंड घालत आणि डोळे मिटून खोल श्वास घेत. नाकाला झोंबलं नाही की त्यांचा दिवस चांगला जाई. "पाखरू थंडीनं मरत न्हाई," ते कबुतरांच्या शर्यतवाल्या मंडळींना सांगत, "कोंडल्या हवेनं मरतं."

आणि तसंच घडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात सुदुंबऱ्याला आबांची बहीण अत्यवस्थ झाली, म्हणून ते तिकडे राहिले होते. इकडे पाऊस तिरपा लागलेला. हनुमंत रात्रपाळीला. सविता तापानं फणफणून आतल्या खोलीत पडलेली. पाखरांना दाणापाणी मी बघते, असं नंदाबाई म्हणाल्या होत्या. मावळात पावसाळ्याआधी घराची पश्चिम बाजू झाकून घेतात, पूर्वी गवताच्या कुडानं, आता प्लॅस्टिकच्या कागदानं, नाहीतर झड थेट चुलीपर्यंत येते. नंदाबाईंनी ढाबळीची पश्चिम बाजू तशीच झाकली. मग उरलेल्या बाजू झाकल्या. वरची फट, खालची फट, सगळ्यांवर कागद, सगळीकडे सुतळीच्या घट्ट गाठी... इतक्या मायेनं त्यांनी कधी तान्ह्या हनुमंतालाही गुंडाळलं नसेल. आत ओलसर विष्ठेची वाफ साठत गेली. आबा परतले तेव्हा पाखरं तळाशी पडलेली होती, डोळे सुजलेले, चोची उघड्या.

आबांनी एकेक पाखरू अंगणात आणून ठेवलं. मग ते उभे राहिले, आणि त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता इतका हळू होता.

"ज्या हातानं ह्या गाठी मारल्या, त्या हाताचं पानी मी मरेस्तवर पिनार न्हाई."

सविता भिंतीला धरून दारात आली होती. तिनं सासूकडे पाहिलं. नंदाबाईंच्या पदराखाली सुतळीचं टोक होतं आणि चेहरा हरवलेल्या लेकरासारखा... आपण काय केलं हे कळूनही ते का केलं हे न कळणाऱ्या माणसाचा. हिच्याच हातचं हा माणूस उभा जन्म जेवला, सविताच्या मनात आलं. आंदर मावळातल्या तिच्या माहेरी तिला आई नव्हती. लग्न होऊन आली त्या दिवशी या बाईनं तिची वेणी घातली होती आणि तेल लावताना नुसतं म्हणाली होती, केस लय गुंतलेत गं पोरी. त्या वात्सल्याची परतफेड करायची तर हीच वेळ होती.

"म्या बांधलं आबा," सविता म्हणाली. "पाखरं गारठतील वाटलं."

"आंदर मावळातली तू," आबा म्हणाले. "तुमी घरं कोंडूनच ऱ्हाता." त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत आणि तिनं पुन्हा ढाबळीच्या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही.

उरलेल्या दोन-चार जोड्यांतून आबांनी ढाबळ पुन्हा उभी केली. आज त्या नव्या पिढीची पहिली मोठी शर्यत होती. सोलापूरच्या पलीकडून सकाळी पाखरं सोडल्याचा निरोप मोबाइलवर आला होता. आबांचा एक राखाडी नर त्यात होता. त्याच्या मादीला चार दिवस त्याच्यापासून दूर ठेवून जायच्या आदल्या संध्याकाळी तिचं क्षणभर दर्शन घडवलं होतं. अशा विरहानं पाखरू घराकडे जिवाच्या आकांतानं उडतं, असं आबा सांगत. पाखरांचा विरह त्यांना असा हिशेबासकट कळत होता.

दुपार होत आली. ऊन धुक्यात विरघळून सगळीकडे दुधाळ उजेड झाला होता. अंगणातल्या खुर्चीवर आबांचा डोळा लागला, सविता आत पीठ मळत होती, आणि पडवीत निजलेल्या नंदाबाई केव्हा उठल्या ते कुणालाच कळलं नाही.

पंखांचा सरसर आवाज झाला आणि आबा दचकून उठले. राखाडी आला होता! सगळ्यांच्या आधी आला असावा, कारण मोबाइल अजून गप्प होता. पण तो उतरेना. ढाबळीवर येई, बिचके, पुन्हा वर जाई... आबांनी नीट पाहिलं. ढाबळीच्या पश्चिमेला पांढरा कागद फडफडत होता.

"सविता!" तीन वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं ते असं.

सविता पिठाच्या हातांनी धावत आली आणि अंगणाच्या मधोमध थांबली. दोघांनीही वर पाहिलं. कागदामागून दोन सुरकुतलेले हात सुतळी ओवत होते. हिरव्या बांगड्यांचा आवाज येत होता.

आबांनी सुनेकडे पाहिलं. मग ते जिना चढून गेले. सविता पायथ्याशी येऊन थांबली. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा धीर तिला अजूनही झाला नाही.

"अगं, काय करतीस?" आबांचा आवाज.

"बरं झालं आलासा भाऊ," नंदाबाई म्हणाल्या. "हे टोक धरा जरा. झड आत येती. पाखरं गारठत्यात."

वर आभाळात पावसाचा एक थेंबही नव्हता.

"मला वळखलंस का तू?"

"असाल कुनीतरी वाटंनं जानारे. धरा की." मग नंदाबाईंचा आवाज बारीक झाला. "आमच्या मालकांना सांगू नका हां. त्येंचा लय जीव हाय ह्यांच्यात. मागं म्याच असं बांधलं आन समदी गेली... माज्या आईच्या घरी असंच बांधायचो आमी. मला वाटलं, ऊब ऱ्हाईल."

"तू बांधलंस?"

"त्येंनी लय मोठी शपथ घेतली. माजं तोंडच उघडंना. मंग सून म्हनली, म्या बांधलं. पोरीला तापानं उभं ऱ्हावत न्हवतं, भिंत धरून आलती. ती कशाची वर चढतीया? पन त्येंना ते बी दिसलं न्हाई." नंदाबाईंनी गाठ आवळली असावी, कारण त्या जरा थांबल्या. "मानूस चांगला हाय. पाखरांचं लय कळतं त्येंना."

सवितानं कठड्यावर कपाळ टेकलं. तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते आणि पिठाच्या हातांनी ते पुसताही येत नव्हते. इतकी वर्षं ज्या सत्याला तिनं पदराखाली जपलं, ते सत्य नंदाबाईंनी असं सहज, एका वाटसरूच्या हाती देऊन टाकलं होतं.

"सांगनार न्हाई न्हवं त्येंना?"

"न्हाई सांगत," आबा म्हणाले.

आणि मग सवितानं खालून पाहिलं... आबांनी कागदाचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. नंदाबाई सावकाश गाठी मारत होत्या आणि हा कबुतरबाज माणूस आपलीच ढाबळ कोंडायला त्यांना मदत करत होता. डोक्यावर राखाडी नर घिरट्या घालून थकला आणि शेजारच्या बंगल्याच्या कौलावर जाऊन बसला. आबांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सगळं बांधून झाल्यावर ते बायकोचा हात धरून तिला खाली घेऊन आले. तिला पडवीत बसवलं. मग सुनेसमोर येऊन उभे राहिले, पण मान वर होईना.

"किती ताप व्हता तुला त्या दिशी?"

"आठवत न्हाई आबा."

"मला आठवतंय. हनुमंतानं फोनवर सांगितलं व्हतं. घरी आलो आन मला निस्ती पाखरं दिसली." "पाखरानं एक दाना कमी खाल्ला तर मला कळतं, पोरी. आन ही रोज माज्या म्होरं ताट घिऊन उभी ऱ्हायची. ही समदं इसरत चाललीया, हे मला कळलं न्हाई... भाकऱ्या कोन करत व्हतं?"

सवितानं पिठाचे हात पदराआड नेले. आबा समजले. त्यांनी दोन्ही हात जोडले, तशी तिनं पुढं होऊन ते आपल्या पिठाच्या हातांत धरले.

"असं नका करू आबा. एवढंच सांगा, मीठ बरूबर असायचं का?"

आबा हसायला गेले आणि लहान मुलासारखे रडले.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. "आता तू वर जा. कागद सगळा काढू नको, हितनं तिला तो दिसला पायजे, न्हाईतर परत जाईल वर. फटींवरचा तेवढा फाडून घे."

सविता जिना चढली. तिनं वरची फट मोकळी केली, मग गुडघ्यांवर बसून खालची केली, दार उघडून आत तोंड घातलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. नाकाला झोंबलं नाही. बाजरीचा आणि पिसांच्या धुळीचा कोरडा, उबदार वास होता आणि अंधारात कितीतरी गळे मंद घुमत होते. तिच्या पाठीमागून राखाडी आत शिरला आणि आपल्या मादीजवळ गेला. त्याची वेळ नोंदवायला खाली कुणी उठलं नाही.

संध्याकाळी आबा पडवीत येऊन बसले. "उद्या तू जा," ते म्हणाले. "तुजा बी संसार हाय. तुला धरून ठेवायचं तोंड न्हाई मला. पन जायच्या आदी मला शिकव."

"काय शिकवू?"

"हिला भ्या कशाचं वाटतं. काय दिलं तर खाती. येनी कशी घालायची."

सवितानं फणी त्यांच्या हातात दिली. कानामागं गुदगुल्या होतात, तिथं हळू. गुंता खालून सोडवायचा. मिक्सर लावायच्या आधी सांगायचं, त्या आवाजाला भितात. आबा एकेक गोष्ट मान हलवत ऐकत होते आणि त्यांच्या जाड बोटांतून केस निसटून निसटून जात होते. तेवढ्यात हनुमंताचा फोन आला. टेम्पो सकाळीच येतोय, तयार राहा, तो म्हणाला.

सवितानं त्या तिरक्या, अर्ध्यातच सुटलेल्या वेणीकडे पाहिलं.

"उद्या नका आनू," ती म्हणाली. "आबांना अजून येनी येत न्हाई."

"आबांना काय?"

"घरी या, मग सांगते सगळं. यताना आईंच्या गोळ्या आना." तिनं फोन ठेवला.

नंदाबाईंनी मान वळवून आबांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हे कोन गं? हात लय जड हाय ह्येंचा."

आबाच म्हणाले, "तुज्या सुनेनं कामाला ठेवलंय मला. नवीन हाय मी."

"मंग ती सांगती तसं कर बाबा," नंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पुढं तोंड करून बसल्या.

"करतो," आबा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून तीन पेड वेगळे करायला घेतले.