मरवा की गारवा

दूध करपल्याचा वास आला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. अविनाश शेट्यांनी वाजवल्या. "मृदुला, करपलं! चांगलंच करपलं!" असं ओरडत ते बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुलला होता की समोरचं काळंकुट्ट पातेलं बघूनही मृदुलाबाईंना राग येईना.

मागच्या हिवाळ्यात एका तापाने अविनाशरावांचा वास नेला होता. नाक जागेवर होतं, चष्मा त्यावर पूर्वीसारखाच टेकत होता, पण वास गेला तो गेलाच, आणि जाताना चवीलाही घेऊन गेला. आमटी नुसती तिखट लागे, आइस्क्रीम नुसतं गार आणि गोड. जन्मभर सांगलीत चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, तक्रारही धंद्याच्या भाषेत करायचा. "डोळ्यांना चष्मा आहे, कानांना यंत्र आहे. नाकानंच काय घोडं मारलंय?"

आता नाकालाही यंत्र आलं होतं. त्याला घ्राणिका म्हणत. तांदळाच्या कणीएवढी चकती नाकात अगदी वर, वासाची नस सुरू होते तिथे बसवायची. हवेतले कण ती ओळखायची, स्वतःजवळच्या गंधकोशात त्यांचा जोड शोधायची आणि त्या वासाची खूण मेंदूला पाठवायची. कांदा, कॉफी, फिनेल, हापूस, करपलेलं दूध, सगळं तिच्यात आधीपासून भरलेलं होतं. आठवडाभर अविनाशराव घरभर हुंगत फिरत होते. मोज्यांचा वास आला तरी धन्य होत होते.

मग ते परसात गेले. तिथल्या कुंड्या ही त्यांची निवृत्तीनंतरची हौस. पुदिना, सब्जा, ओवा, गवती चहा, आणि खिडकीखाली मानाच्या जागी मरवा. त्यांनी मरव्याची डहाळी खुडली, बोटांत चुरली, डोळे मिटून नाकाशी नेली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"बाम," ते म्हणाले. "डोकेदुखीचा बाम आहे नुसता."

घ्राणिकेच्या कोशात मरवा नव्हता. जवळचं काहीतरी शोधून तिने वेळ मारून नेली होती. आणि अविनाशरावांना सगळ्यात आधी कुठला वास परत हवा असेल, तर तो हाच होता. दुकान बंद करून घरी येताना ते रोज मारुती चौकातून मृदुलाबाईंसाठी गजरा आणत. साधा नाही, मरवा ओवलेला. कारण तिला मरवा आवडतो, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं.

गंमत अशी, की मृदुलाबाईंना मरवा अजिबात आवडत नसे. त्या वासाने त्यांचं कपाळ चढायचं.

झालं होतं ते असं. मुलगी बघायला शेटे मंडळी आली, तेव्हा भर मे महिना होता. डोक्यावर पंखा खडखडत होता. मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून खिडकीशी बसवलं.  मग मुलाने घसा खाकरून विचारलं, "मरवा आवडतो का?" मृदुलाबाईंना ऐकू आलं, "गारवा आवडतो का?" त्या घामाने निथळत होत्या. त्या मनापासून म्हणाल्या, "हो, खूप." लग्नानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मरव्याचा गजरा हातात आला तेव्हा घोटाळा कळला, पण समोरचा माणूस इतका खुशीत होता की खरं सांगणं उद्यावर ढकललं गेलं. ते उद्यावरच राहिलं.

"मरवा शिकवता येईल की," नाझनीन मुजावर म्हणाली. घ्राणिका बसवणाऱ्या दवाखान्यातली ही तंत्रज्ञ मुलगी तपासणीला घरी येई. "त्याला गंधदान म्हणतात, काका. ज्याचं नाक चांगलं आहे अशानं एक पट्टी कपाळाला लावायची आणि तो वास घ्यायचा. त्याच्या मेंदूत जे उमटतं ते पट्टी टिपते आणि तुमच्या घ्राणिकेत उतरवते. आधी तो कच्चा असतो. तुम्ही रात्री झोपलात, की पक्का बसतो. मग काढता येत नाही."

"म्हणजे ओल्या सिमेंटवरचं पाऊल," अविनाशराव म्हणाले. "उत्तम. दाता घरातच आहे."

 मृदुलाबाई नाझनीनला फाटकापर्यंत सोडायला गेल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आणि दात्याला तो वास आवडत नसेल तर?"

"मग तेही उतरतं, काकू. वास आणि भावना मेंदूत शेजारी राहतात. भिंत पातळ आहे. तोंडानं छान छान म्हणता येतं, पट्टीला फसवता येत नाही." मग तिने मृदुलाबाईंकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी देऊ का? माझं नाक चांगलं आहे."

मृदुलाबाईंनी घरात ते सुचवून पाहिलं, पण अविनाशरावांनी उडवूनच लावलं. "तिचा मरवा घेऊन मी काय करू? मला तुझ्या केसांतला हवाय."

आता काय करावं? खरं सांगितलं तर त्या सगळ्या संध्याकाळी खोट्या ठरणार. नाही सांगितलं तर त्यांच्या लाडक्या वासाच्या जागी कपाळशूळ बसणार, आणि तोही कायमचा. दोन्हीकडून मरण. मृदुलाबाईंनी तिसरी वाट काढली. मरवा आवडून घ्यायचा. आणि बाईला न आवडणारी गोष्ट गळ्याखाली उतरवायची, तर आइस्क्रीमसारखा दुसरा उपाय नाही.

थंडीने वास बोथट होतो, साय कडवटपणा झाकते, आणि घशामागून नाकात चढणारा वासही पट्टीला चालतो, हे त्यांनी नाझनीनला फोन करून विचारून घेतलं. अविनाशराव दुपारी वाचनालयात गेले की माळ्यावरचा लाकडी पॉट खाली यायचा. पहिल्या खेपेला त्यांनी दुधात पाला उकळला. काढा गोठवल्यासारखं काहीतरी झालं. त्यात वेलदोडा किंवा गवती चहा घालायची सोय नव्हती, कारण घ्राणिकेने तोसुद्धा मरवाच समजून ठेवला असता. मग त्यांनी दूध आटवून खाली उतरवलं, वाफ जरा मोडू दिली, त्यात मोजकी पानं बुडवली, झाकण ठेवलं आणि रंग चढायच्या आत गाळलं. ते जमलं. बर्फात खडे मीठ टाकून दांडा फिरवला, तेव्हा आतून निघालं ते फिकट, शांत, थोडंसं रानातलं. आवडलं असं नाही म्हणता येणार, पण वाटी रिकामी झाली आणि कपाळ जागेवर राहिलं. मृदुलाबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी नाझनीन पट्टी घेऊन आली. मृदुलाबाईंनी दुधात पानं बुडवून ठेवली आणि त्या मीठ आणायला आत गेल्या. परत आल्या तर दूध गाळून पॉटात गेलेलं, आणि अविनाशराव बाह्या सरसावून दांड्याशी बसलेले. नातवंडं सुटीला आली की पॉट फिरवायचा मान त्यांचाच असे. बर्फ खडखडत होता, गोणपाटाखालून खारं पाणी गळत होतं, आणि ते घामेजून हसत होते. त्यांच्याकडे बघून मृदुलाबाईंना भरून आलं. होईल सगळं नीट, त्यांना वाटलं.

दांडा जड झाला. झाकण उघडलं. आतलं आइस्क्रीम फिकट नव्हतं. चांगलं हिरवं होतं.

"अहो, हे असं कसं?"

"तू घातली होतीस चार पानं," अविनाशराव अभिमानाने म्हणाले. "म्हटलं, तुझ्या आवडीची गोष्ट, त्यात कंजुषी कशाला? मूठभर आणखी घातला. चांगला चुरून घातला."

पट्टी कपाळावर बसली होती. नाझनीन थांबली होती. अविनाशरावांनी स्वतःच्या हाताने पहिला चमचा पुढे केला. त्या हाताला नाही म्हणणं मृदुलाबाईंना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

थंडी विरली आणि मागून मरवा आला. तोच तो, उग्र, कपाळात चढणारा. सगळं मुसळ केरात, असं वाटून त्यांनी डोळे मिटून घेतले.

नाझनीनने पट्टी काढली आणि तिच्यावर टिपलेलं घ्राणिकेत उतरवलं. अविनाशरावांनी चमचाभर आइस्क्रीम घेतलं, तोंडात घोळवलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"डोकं दुखतंय गं," ते म्हणाले. मग चमचा हातात तसाच धरून त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला मरवा आवडत नाही."

"नाही," मृदुलाबाई म्हणाल्या.

"तू हो म्हणाली होतीस. खिडकीपाशी. खूप, म्हणालीस."

"मला गारवा ऐकू आलं होतं. पंखा किती वाजत होता!"

नाझनीन पिशवीत काहीतरी शोधू लागली. अविनाशरावांनी चमचा वाटीत ठेवला. ते दुखावले होते, आणि ते लपवायची कला त्यांना कधीच साधली नव्हती.

"रोज माळत होतीस ना पण?"

"तुम्ही इतक्या हौसेनं आणत होता. कोणत्या दिवशी सांगणार होते मी?" मृदुलाबाईंचे डोळे भरून आले. "तुमचा मरवा मी बिघडवला ना?"

"काका, अजून कच्चा आहे," नाझनीन म्हणाली. "आत्ता पुसते आणि माझा देते. हवं तर."

"थांब जरा." अविनाशरावांनी डोळे मिटून दुसरा चमचा घेतला. दुकानात अवघड नंबरचं गिऱ्हाईक आलं की त्यांची मान अशीच तिरपी होत असे. "मागं आणखी काहीतरी आहे. डोकं दुखतंय, पण त्याच्या मागं... संध्याकाळ झालीय. कुकर होऊन गेलाय. फाटकाची कडी वाजल्यासारखं वाटतंय, आणि एकदम जिवात जीव येतोय." त्यांनी डोळे उघडले. "कोण येतंय गं?"

"कोण येणार? दुकान बंद करून दुसरं कोण यायचं आपल्याकडे?" मृदुलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "मरव्याचा वास आला म्हणजे तुम्ही आलात."

 त्या फाटकातून अविनाशराव हजारदा आत आले होते, पण आतल्या बाजूने ती कडी त्यांना कधी ऐकू आली नव्हती. आपण घरी येतो तेव्हा कुणाला इतकं बरं वाटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिसरा चमचा घेतला, आठीसकट.

"पुसू का, काका?"

"नको. माझा मरवा आहे माझ्या आठवणीत, तो कुठं जात नाही. हा माझ्याकडं कुठं होता?" मग ते जरा हसले. "डोकं दुखलं तर बाम आहेच घरात."

नाझनीन पट्टी आवरू लागली. तिच्या हातातल्या त्या चिंधीएवढ्या पट्टीकडे बघताना मृदुलाबाईंच्या मनात आलं, अजून कुठल्या कुठल्या वासांमागे काय काय दडलं असेल? सगळंच काही फाटकाच्या कडीसारखं नसेल. त्यांना थोडी भीती वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

तेवढ्यात अविनाशराव परसातून परत आले. ओंजळीत पुदिना होता, सब्जा होता, ओव्याची जाड पानं होती, गवती चहाची पाती होती. फ्रिजमध्ये दूध शिल्लक होतं, पॉटात बर्फही. त्यांनी खुर्ची ओढली आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर बसत तसे ते बायकोसमोर बसले. साऱ्या सांगलीला भिंगं बदलून बदलून विचारलेला प्रश्न त्यांनी घरात कधीच विचारला नव्हता. त्यांनी दोन पानं चुरली आणि एकेक करून तिच्या नाकाशी धरली.

"घाई नाही. नीट बघून खरं सांग. हे बरं वाटतं, की हे?"